आतलं काही जात नाही

"ती कात्री द्या जरा..."

टेबलाखालून आवाज आला आणि पाठोपाठ एक हात आला. तळवा वर, बोटं हलती, अगदी हक्काने मागणारी. हातामागचा माणूस दिसत नव्हता. दिसत होता तो वायरींचा गुंता, आणि त्या गुंत्यातून बाहेर आलेले दोन पाय.

रफूबाई संगणक-खोलीच्या दारातच थबकली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून कात्रीच्या पितळी मुठी डोकावत होत्या. टेबलाखालून त्या बऱ्या दिसल्या!

"कशाला हवीय?" तिने विचारलं.

"वायर कापायचीय."

"ही कापडाची कात्री आहे. हिने मी कागदसुद्धा कापत नाही."

"एकच वायर हो."

"वायर कापलीत, तर मग हिने मी तुमचं नाक कापीन."

टेबलाखालून हसू आलं, आणि मग डोकं वर करायच्या नादात टेबलाच्या कडेवर आपटलेल्या कपाळाचा ठण्ण आवाज. तो बाहेर आला तेव्हा एका हाताने कपाळ चोळत होता आणि केसांत कोळ्याचं जाळं अडकलं होतं. ते जाळं काढून द्यावं असं तिच्या बोटांना फार वाटलं. वर्षानुवर्षं कापडावरचे सुटे धागे टिपायची सवय, दुसरं काय... तिने दोन्ही हात पिशवीच्या पट्ट्याला घट्ट धरून ठेवले.

"तुम्ही रफूच्या बाई ना?" तो म्हणाला. "यादीत एकट्या तुम्ही राहिलात. बाकी सगळ्यांनी मांडणी निवडली."

त्यासाठीच तर ती तिसऱ्या मजल्यावर चढून आली होती. व्यवसाय-शिक्षणाच्या त्या संस्थेने सगळे वर्ग ऑनलाइन न्यायचं ठरवलं होतं. शिवण, सुतारकाम, नळजोडणी आणि सगळ्यांत शेवटी, कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून, रफू. ते काम लावून द्यायला हा बाहेरून आला होता. प्रत्येकाच्या अभ्यासक्रमाची पडद्यावरची मांडणी हा करून देई, म्हणून संस्थेत सगळे त्याला मांडणीवाले म्हणत.

त्याने खुर्ची पुढे केली, पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. ही आठवडेवार मांडणी. दर आठवड्याला एक चौकोन, चौकोनावर तारखा. आठवडा संपला की तो बंद, पुढचा उघडा. आणि ही विषयवार. इथे तारखा नाहीत. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने पुढे जावं. रफूला मला वाटतं ही—"

"आठवडेवार," ती म्हणाली.

"नीट बघा तरी."

"बघितली. तारखा असलेली द्या. कधी काय संपणार ते माणसाला आधी कळलेलं बरं असतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नुसतंच. डोळे तपकिरी होते, थोडे दमलेले, आणि विचारायचं ते ओठांवर येऊन परत फिरलं होतं. तिने नजर पडद्यावर नेली. चौकोन मांडले गेले. भोक ओळखणे. धागा काढणे. उभे धागे. आडवे धागे. कोपर आणि गुडघा. शेवटची पाहणी.

"सहा आठवडे," तो म्हणाला. "म्हणजे तुमचा अभ्यासक्रम आणि मी एकाच दिवशी संपतो. माझंही काम इथे सहाच आठवडे आहे."

"मग बरंच झालं," ती म्हणाली. बरं काय झालं, ते तिलाही कळलं नाही.

"आणि पुढे मन बदललंच तर सांगा, मांडणी बदलता येते."

"बदलली तर आतलं सगळं पुसलं जातं का? धडे, शेरे—"

"छे! आतलं काही जात नाही. फक्त तारखा जातात."

ती निघाली तेव्हा त्याने एक खातं उघडून दिलं, नाव 'नमुना विद्यार्थी'. शिकणाऱ्याला धडा कसा दिसतो ते बघायला, म्हणाला. खोटंच नाव, मागे कुणी नाही.

*

रफूबाईच्या दोन खोल्या होत्या, आणि दोन्हीत मिळून माणूस एक. आई होती तेव्हा त्याच खोल्या अपुऱ्या पडत. आता स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाताना आपलीच पावलं ऐकू येत. खुंटीवर आईचा चष्मा होता. तो काढून ठेवायचा कुठे, म्हणून तो तिथेच.

आईचा एक नेम होता. सकाळी एक भोक भरल्याशिवाय चहा नाही. लहान का असेना, मोज्याचं असो नाहीतर उशीच्या खोळीचं. आई जाऊन दोन वर्षं झाली तरी तिने तो मोडला नव्हता. घरातली भोकं संपली, तेव्हा तिने शेजाऱ्यांकडून जुने कपडे मागून आणले. शेजारी म्हणत, "रफू कुठे केलाय ते दिसतसुद्धा नाही हो!" ती हसे. न दिसणं हीच त्या कामाची कीर्ती. पण कधीकधी कापड उजेडात धरताना तिच्या मनात येई, ज्याचं काम दिसत नाही तो माणूसही हळूहळू दिसेनासा होतो की काय...

आईच्या आजारात तारीख कुणीच सांगितली नव्हती. "बघू या," डॉक्टर म्हणत. सात महिने "बघू या" चाललं होतं. आणि एका साध्या मंगळवारी, ती राखाडी धाग्याचं रीळ आणायला खाली उतरली होती, तेवढ्या पंधरा मिनिटांत आई गेली. तेव्हापासून दुधाच्या पिशवीवरच्या तारखेपासून ग्रंथालयाच्या पावतीपर्यंत सगळं ती आधी वाचून ठेवी. शेवट ठाऊक असला की माणूस निदान घरात तरी असतो.

रोज संध्याकाळी सात वाजता ताईचा फोन येई. ताई दुसऱ्या गावी, भरल्या घरात. मागून भांड्यांचे, भांडणांचे आवाज येत.

"जेवलीस का?"

"सात वाजलेत ताई."

"मग काय खाणार आहेस?"

"बघू."

"बघू नावाची भाजी मला शिकव एकदा," ताई म्हणे. मग जरा थांबून, "कुणाशी बोललीस आज?"

त्या दिवशी ती म्हणाली, "बोलले. एका माणसाला नाक कापायची धमकी दिली."

"अगं बाई! कसा आहे दिसायला?"

"केसांत जाळं होतं," रफूबाई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर किती तरी वेळ आपण हसतोय हे तिला समजलं नाही.

*

बारा जणांनी नावं नोंदवली. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ होता: आपल्या घरातलं एक भोक शोधा, फोटो काढा, ते कसं पडलं ते लिहा. शनिवारी तिने मोजले तर गृहपाठ तेरा.

तेरावा 'नमुना विद्यार्थी'चा. फोटोत राखाडी मोजा, टाचेला रुपयाएवढं भोक. खाली लिहिलं होतं: 'प्रकार — घासून पडलेलं. वय — दोन वर्षं. कारण — मालकाचा आळस.'

तिने इकडेतिकडे पाहिलं. घरात कोण बघणार होतं! तिने शेरा लिहिला: 'निदान बरोबर. मोजा धुऊन आणला असता तर गुण वाढले असते.'

दुसऱ्या आठवड्यात, कापडाच्या आतल्या शिलाईतून त्याच रंगाचा धागा काढायचा धडा होता. नमुना विद्यार्थ्याने लिहिलं, 'धागा काढला. मोजा थोडा रडला. मी समजूत काढली.'

तिसऱ्यात उभे धागे. फोटो बघूनच तिने कपाळाला हात लावला. 'धागे ओढले आहेत. चुण्या पडल्या. टोकाला ढील ठेवा, धुतल्यावर धागा आखडतो.'

'ढील किती ठेवायची, बाई?'

'हाताला कळते.'

'माझ्या हाताला कळत नाही.'

'रोज एक भोक भरा, कळेल.'

'माझ्याकडे एवढी भोकं नाहीत.'

'पाडा.'

सोमवारी जिन्यात समोरासमोर आले, तर तो गंभीरपणे बाजूला झाला आणि म्हणाला, "नमस्कार बाई." बुटाच्या वर मोजा दिसत होता, टाचेपाशी चुण्या पडलेला.

"टोचत नाही का तो?" तिने विचारलं.

"टोचतो ना. पण प्रत्येक पावलाला शेरा आठवतो."

कानाच्या पाळ्या गरम होणं म्हणजे काय, ते तिला बऱ्याच वर्षांनी आठवलं. मग ते दुपारचा चहा संगणक-खोलीत घेऊ लागले. खिडकीबाहेर वारा सुकी पानं फरशीवर फरफटत नेई. तो कमी बोले, पण ऐकताना कप खाली ठेवून ऐके. तो गावोगाव फिरे, प्रत्येक ठिकाणी सहा आठवडे, कधी चार. कपाट कुठलंच आपलं नाही, म्हणाला, सगळे कपडे बॅगेतच घडी करून असतात.

"तुमच्या सगळ्या चित्रफितींत नुसते हात दिसतात," एकदा तो म्हणाला. "चेहरा का नाही?"

"रफू हात करतात."

"आणि बघणाऱ्याला—" तो थांबला. "बघणाऱ्याला वाटू शकतं ना, की..."

"की?"

"काही नाही. चहा निवतोय."

चौथ्या आठवड्यात मात्र बिनसलं. तिच्या वर्गात एक निवृत्त बसचालक होते, सगळ्यांत वयस्कर. बायकोची शाल घेऊन बसले होते रफू करायला. बायको आता नव्हती. काकांचे हात कापत. उभे धागे घालताना तिसरा आठवडा संपला आणि चौकोन बंद झाला. त्यांचा फोन आला, "बाई, माझी खिडकी मिटली हो."

"काका, तारीख दिलेली होती ना..."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मांडणीवाल्याने ते ऐकलं होतं. "उघडून द्या त्यांना. विषयवार करा सगळंच. एक कळ दाबायचीय."

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

"हात सगळ्यांचे सारखे नसतात."

"तुम्हाला काय हो!" तिचा आवाज तिच्याही नकळत चढला. "तुम्ही सहा आठवड्यांनी निघून जाणार. मागे राहणाऱ्याला तारीख लागते. नाहीतर तो रोज दाराकडे बघत बसतो."

तो पडद्याकडे वळला. कपातला चहा तसाच राहिला. संध्याकाळी तिने बसचालक काकांचा एक चौकोन तेवढा चार दिवसांसाठी उघडून दिला. नियमाला ढील दिली, पण मनाला नाही.

*

सहाव्या आठवड्यात एका दुपारी ती वर गेली तर खोलीत तो नव्हता. टेबलावर त्याच्या अक्षरातला कागद होता. 'जाण्यापूर्वी करायची कामं': चाव्या देणे. परवलीचे शब्द प्राचार्यांना देणे. नमुना खाती काढून टाकणे.

शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. खातं गेलं की मोजा जाणार. 'पाडा' जाणार. शिलाईच्या आतल्या बाजूला लपवून ठेवल्यासारखं जे काही या सहा आठवड्यांत साठलं होतं, ते सगळं, मागे कुणीच नसलेल्या एका खोट्या नावाबरोबर...

शनिवारी दुपारी तो निघाला. जिन्याच्या तोंडाशी उभा होता. हातात बॅग, बॅगेच्या चेनीतून डोकावणारी एका निळ्या शर्टाची बाही.

"शेवटचा गृहपाठ दिलाय मी," तो म्हणाला. "शेरा राहिलाय."

"उद्यापर्यंत मुदत आहे. देईन."

"हो... द्या."

खाली कुणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवला. तिच्या घशात एक वाक्य आलं होतं, पूर्ण, अगदी व्याकरणासकट. तो वाट बघत होता. तिला दिसत होतं की तो वाट बघतोय.

"सांभाळून जा," ती म्हणाली.

"तुम्हीही," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरला. मोज्याची टाच प्रत्येक पायरीला दिसत गेली.

त्या संध्याकाळी ताईने विचारलं, "कुणाशी बोललीस?" आणि तिला रडू फुटलं. ताईने मागची सगळी भांडीभांडणं एका ओरड्यात गप्प केली. सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "वेडे, न बोललेलं कुणाला ऐकू येतं का? तुझा रफू नव्हे तो, न दिसला म्हणजे चांगला."

रविवारी सकाळी नेमाचं भोक भरून ती संगणकापुढे बसली. चहा तिने घेतलाच नाही. गृहपाठ उघडला. निळ्या शर्टाचं कोपर होतं. उभे धागे सुरेख, एकसारखे, टोकाला नेमकी ढील. आडवे मात्र अर्ध्यावर थांबलेले, सुई तशीच कापडात खोचलेली. खाली एकच ओळ: 'पुढचं मला एकट्याला जमत नाही.'

रात्री बारा वाजता चौकोन बंद होणार होता. ती खुंटीवरच्या चष्म्याकडे बघत राहिली. तारखा असून तरी काय झालं होतं? काल तर तिला दिवस ठाऊक होता, वेळ ठाऊक होती, ती तिथे हजर होती. आणि तरीही हातचं माणूस गेलंच.

तिने मांडणीची खूण शोधली. विषयवार. कळ दाबली. पडदा क्षणभर पांढरा झाला, मग चौकोन परत आले. सगळे धडे जागच्या जागी, मोजा जागच्या जागी. तारखा तेवढ्या नव्हत्या.

मग तिने शेरा लिहिला. खोडला. लिहिला. शेवटी राहिलं ते असं: 'काम अर्धवट आहे. उरलेले धागे समोर बसून घालावे लागतील. मी वाट बघते. मुदत नाही.'

*

सोमवारी प्राचार्य म्हणाल्या, "मांडणीवाल्यांनी नमुना खाती सगळी काढली, तुमचं एकच विसरले. काढू का?"

"नको," ती म्हणाली. "राहू द्या. लागेल."

शेऱ्यापुढे बारीक खूण आली होती: 'पाहिला'. त्याच दिवशी, सकाळी नऊला. पण उत्तर आलं नाही. मंगळवारी नाही, पुढच्या मंगळवारीही नाही. आठवड्यांना आता पडद्यावर कुंपण नव्हतं, ते एकमेकांत मिसळून जात. ती रोज एक भोक भरे, रोज ती खूण बघे. दोन खोल्यांत पावलं वाजत. दाराकडे बघत बसणं तिला चुकलं नाहीच, फक्त आता ते तिने स्वतः निवडलेलं होतं. एवढाच फरक, पण तेवढ्यावर ती उभी होती.

मध्ये एकदा बसचालक काकांची शाल आली. वेडेवाकडे धागे, पण भोक भरलेलं. 'बाई, अंगावर घेऊन बसलोय,' त्यांनी लिहिलं होतं. शेरा लिहिताना तिला अक्षरं धूसर दिसली.

आणि एका संध्याकाळी सात वाजता, ताईचा फोन चालू असतानाच, पडद्यावर ओळ उमटली. नमुना विद्यार्थी: गृहपाठ पुन्हा सादर.

फोटो नव्हता. नुसते शब्द होते. 'बाई, खाली दाराशी उभा आहे. शर्ट आणलाय. कात्रीसुद्धा, माझी स्वतःची.'

"ताई, ठेवते," ती म्हणाली.

"का गं? जेवलीस का?"

"ठेवते गं!"

जिना ती कशी उतरली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. तो शेवटच्या पायरीपाशी उभा होता, तीच बॅग, कागदात गुंडाळलेला निळा शर्ट. तो थोडा रोडावला होता.

"चार आठवडे लागले?" ती म्हणाली. रागवायचं ठरवलं होतं, पण आवाजाने ऐन वेळी दगा दिला.

"पुढच्या गावचं काम संपवून आलो. पत्ता प्राचार्यांकडून घेतला. आणि यापुढचं काम कुठूनही करीन, असं सांगून आलो... एका जागी बसून." तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "उत्तर लिहायला रोज बसायचो. लिहिलं की वाटे, हे समोर उभं राहून सांगायचं आहे. खोडायचो."

"मी इकडे रोज ती खूण बघत होते."

"चुकलं माझं."

तिने शर्ट उलगडला. दाराबाहेरच्या दिव्याच्या उजेडात कोपर धरून बोट फिरवलं. अर्ध्यावर थांबलेले आडवे धागे आता थोडे पुढे गेले होते. आणि घट्ट ओढलेले होते.

"ओढलेत," ती म्हणाली.

"गाडीत बसून घातले. घाई झाली होती."

"उसवावं लागेल. पहिल्यापासून."

"चालेल," तो म्हणाला, आणि पायरीवर बसून त्याने शेजारी जागा करून दिली. त्याच्या केसांत कसलासा धागा अडकला होता.

या वेळी तिने तो काढला.